आजोबांना काही झाले नाही म्हणून

यंदाच्या पावसाळ्यात बीड जिल्ह्यातील एका गावी आम्ही जलदान विधी आणि पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गेलो होतो. गेलेले गृहस्थ आमच्या दूरच्या नात्यातले, वय अवघे ४६. वीस-बावीस हंगाम ऊसतोडीला गेलेला माणूस. गालाच्या कॅन्सरने गेला. शेवटचे दोन महिने नाकातल्या नळीतून दूध आणि डाळीचे पाणी, एवढेच काय ते पोटात जात होते. बोलणे तर त्याआधीच बंद झाले होते.

वंदना झाली, आदरांजलीची भाषणे झाली, जेवणे झाली. मग मांडवात जो तो कोंडाळे करून बसला. आमच्या शेजारी ऐंशीच्या घरातले एक आबा होते. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून चंची काढली, तळहातावर तंबाखू घेतली, नखाने चुना लावला आणि अंगठ्याने मळायला सुरुवात केली. त्याच मांडवात, त्या माणसाच्या फोटोसमोर! आमच्या नजरेतला प्रश्न त्यांनी ओळखला असावा. बार ओठाखाली सोडत म्हणाले, "म्या साठ वर्षं झाली खातोय. मला काय झालं? ज्याचं त्याच्या नशिबात असतंय."

कोणी काही बोलले नाही. गेलेल्या माणसाचा २२ वर्षांचा मुलगा पत्रावळ्या उचलत होता, तो तेवढा थबकला. थोड्या वेळाने आम्हाला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, माझा चुलता पण असाच गेला. हे आमच्या रगतातच हाय का?"

"तसं काही नसतं रे," असे काहीतरी गुळमुळीत बोलून आम्ही वेळ मारून नेली. पण परतताना एसटीत ते उत्तर आमचे आम्हालाच टोचत राहिले. कारण प्रश्न खरा होता. एकाच फडात, एकाच पुडीतली तंबाखू खाणारे दोघे. एक ४६ व्या वर्षी जातो, दुसरा ऐंशीला ठणठणीत मांडवात बसतो. असे का? नशीब म्हणून सोडून द्यायचे, की त्याला काही कारण आहे? मग ओळखीच्या डॉक्टरांकडे दोन-तीनदा जाऊन बसलो, त्यांनी दिलेले कागद वाचले, समजले नाही ते पुन्हा विचारले. या वेळचे सदर त्या पोरासाठी आणि त्या आबांसाठी आहे.

डॉक्टर मंडळी या रोगाला 'डोके आणि मानेचा कॅन्सर' म्हणतात. त्यात मेंदूचा कॅन्सर येत नाही. ओठ, जीभ, गालाची आतली बाजू, हिरड्या, टाळू, घसा, स्वरयंत्र, नाक आणि नाकाजवळच्या पोकळ्या, हा सगळा भाग त्यात येतो. परदेशात घशाच्या कॅन्सरला बऱ्याचदा एक विषाणू कारण असतो. आपल्याकडचे मुख्य कारण मात्र तोंडात ठेवली जाणारी वस्तू हेच आहे. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे १ लाख ४० हजारांहून अधिक नवे रुग्ण एकट्या भारतात आढळले. म्हणजे जगातल्या अशा दर तीन रुग्णांमागे एकाहून जास्त आपला. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील १५ वर्षांवरील साधारण दर चार माणसांत एक जण बिनधुराची तंबाखू, म्हणजे मळलेली तंबाखू, मिसरी, गुटखा, यांपैकी काही ना काही वापरत होता. आपल्या वस्तीत मोजले तर हा आकडा कमी वाटेल असे आमचे मत आहे, पण ते मत आहे, मोजणी नव्हे.

आता तोंडात काय घडते ते पाहू. बार नेहमी एकाच जागी ठेवायची सवय असते. कोणाची डावी बाजू ठरलेली, कोणाचा खालचा ओठ. चुना हा दाहक पदार्थ. तो तंबाखूतला नशा आणणारा अंश लवकर रक्तात उतरवतो, म्हणून तर तो लावतात, आणि त्याच वेळी गालाची नाजूक त्वचाही भाजून काढतो. तंबाखूत कॅन्सर करणारी रसायने असतातच. सुपारी वेगळी. तिच्यात तंबाखू नसली तरीही ती कॅन्सरकारक आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ साली जाहीर केलेले आहे. 'आम्ही नुसती सुपारी खातो' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

भाजलेली जागा शरीर तशीच सोडत नाही. आपल्या वाचकांना ऊसतोडीची टोळी ठाऊक आहे, म्हणून त्याच भाषेत सांगतो. जखम झाली की शरीरातले निरोपे धावतात आणि दुरुस्तीची टोळी बोलावतात. पांढऱ्या पेशी येतात, जागा लाल होते, सुजते, गरम लागते. हाच दाह. टोळी जंतू मारते, मेलेल्या पेशी उचलते, नव्या पेशी बनवायला लावते. काम संपले की दुसरा निरोप्या सांगतो, 'आता पुरे, परत जा.' काट्याने टोचलेले बोट चार दिवसांत बरे होते ते असे.

पण रोज दहा वेळा त्याच जागी बार भरला तर? टोळी परत जातच नाही. वर्षानुवर्षे तिथेच मुक्काम. काम करताना ही टोळी जी तिखट रसायने सोडते, ती शेजारच्या चांगल्या पेशींनाही लागतात. पेशी पुन्हा पुन्हा दुभंगून नव्या होत राहतात, आणि तंबाखूने आधीच मोडतोड केलेली पेशी दुभंगली की ती मोडतोड पुढच्या पेशीत उतरते. पुढे गाठ धरू लागली की हीच टोळी तिला नव्या रक्तवाहिन्या बांधून देते. दाह आणि कॅन्सर यांचे नाते असावे, असा तर्क जर्मनीतील डॉक्टर रुडॉल्फ विरशॉ यांनी १८६३ सालीच मांडला होता. गाठीत पांढऱ्या पेशी दिसतात हे त्यांनी पाहिले होते. त्यांच्या म्हणण्याकडे पुन्हा नीट लक्ष जायला शंभराहून अधिक वर्षे लागली.

आता पोराच्या प्रश्नाकडे येतो. हे निरोपे म्हणजे शरीर बनवते ती प्रथिने. त्यांची नावे जरा अवघड आहेत. इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-८, टीएनएफ-अल्फा हे टोळी बोलावणारे. इंटरल्यूकिन-१० हा परत पाठवणारा. प्रत्येक प्रथिन कसे बनवायचे याची कृती आपल्या पेशीत लिहून ठेवलेली असते. त्या कृतीला जनुक म्हणतात. अशा सुमारे २० हजार कृती आपल्याला आईबापाकडून मिळतात. सगळे लिखाण चार अक्षरांत, ए, टी, जी आणि सी. एका संपूर्ण संचात सुमारे ३०० कोटी अक्षरे. तुमचे आणि आमचे लिखाण शेजारी ठेवले तर हजारात सुमारे एका अक्षराचा फरक निघतो. बाकी सारखेच.

हा एका अक्षराचा फरक बहुतेक ठिकाणी काहीच करत नाही. काही ठिकाणी करतो. टीएनएफ-अल्फाची कृती जिथे सुरू होते त्याच्या ३०८ अक्षरे अलीकडे काही माणसांत 'जी' असतो, काहींत 'ए'. इंटरल्यूकिन-६ च्या १७४ अक्षरे अलीकडे कोणाचा 'जी', कोणाचा 'सी'. या जागा म्हणजे नळाच्या तोट्या समजा. कोणाची तोटी जरा सैल, कोणाची घट्ट. तीच तंबाखू, तेवढाच चुना, पण एकाच्या गालात निरोपे जास्त धावतात, दुसऱ्याच्या कमी. एकाची टोळी लवकर परत जाते, दुसऱ्याची रेंगाळते. आबा आणि गेलेला माणूस यांच्यातल्या फरकाचा एखादा धागा इथे असू शकतो.

असू शकतो, एवढेच. कारण या अक्षरांवर जगभर अभ्यास झाले आहेत, ग्रीसमध्ये, तैवानमध्ये, आपल्या देशातही. रुग्णांचे रक्त आणि निरोगी माणसांचे रक्त शेजारी ठेवून अक्षरे ताडून पाहायची, अशी रीत. काहींना अमुक अक्षर असलेल्यांत कॅन्सर जास्त दिसला. काहींना त्याच अक्षरात काहीही फरक दिसला नाही. बरेचसे अभ्यास लहान, काहीशे माणसांचे. शिवाय एका देशात सर्रास आढळणारे अक्षर दुसऱ्या देशात दुर्मीळ असते. इंटरल्यूकिन-६ मधला तो 'सी' युरोपात भरपूर सापडतो, चीन-जपानकडे क्वचित. त्यामुळे तिकडचा निष्कर्ष उचलून इकडे लावता येत नाही. आणि जिथे फरक दिसला तिथेही एका अक्षराने पडणारा फरक थोडासा. तंबाखूने पडणारा फरक त्यापुढे डोंगराएवढा.

नवी मुंबईत खारघर येथे टाटा मेमोरियलचे संशोधन केंद्र आहे. तिथल्या संशोधकांनी गालाच्या कॅन्सरचे हजारो रुग्ण आणि निरोगी माणसे यांची अक्षरे ताडून पाहिली. जन्मजात धोका कमी-जास्त असतो हे त्यांनाही आढळले. पण तो कमी असो की जास्त, तंबाखू खाणाऱ्याचा धोका न खाणाऱ्यापेक्षा कितीतरी पटींनी वरच राहतो.

याच ठिकाणी एक घोटाळा होतो, तो आधी सोडवू. 'कॅन्सर जनुकांचा रोग आहे' हे वाक्य आपण ऐकतो आणि घाबरतो. जनुकांत बिघाड दोन तऱ्हेचे. एक जन्माबरोबर आलेला, शरीरातल्या प्रत्येक पेशीत असणारा. वर सांगितलेले अक्षरांचे फरक या जातीचे, आणि खरे तर त्यांना बिघाड म्हणू नये, नाकाडोळ्यांतल्या फरकासारखेच ते. दुसरा बिघाड जन्मानंतर, त्या एकाच गालात, त्या एकाच जागी तंबाखूने केलेला. २०१३ साली पश्चिम बंगालमधील कल्याणी येथील राष्ट्रीय संस्था आणि टाटा मेमोरियलचे हे केंद्र यांनी मिळून गाल-हिरडीच्या कॅन्सरच्या गाठींतली जनुके वाचली आणि कोणती जनुके तिथे मोडलेली असतात ते प्रसिद्ध केले. ती मोडतोड या दुसऱ्या जातीची. ती गालात घडते आणि माणसाबरोबर संपते. मुलाकडे जात नाही. म्हणून त्या पोराला पहिले उत्तर हे: बापाच्या गालात जे मोडले ते तुझ्यात आलेले नाही.

मग चुलता आणि बाप दोघेही का गेले? यावरही मोजणी झालेली आहे. अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून २००९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे दिसले की ज्याच्या आईबापाला किंवा भावाबहिणीला हा कॅन्सर झाला, त्याला तो होण्याचा संभव इतरांपेक्षा सुमारे १.७ पट. पण पुढची गोष्ट महत्त्वाची. हा वाढीव धोका तंबाखूशी संबंध असलेल्या लोकांतच दिसला. आणि घरात रोग, शिवाय स्वतःला तंबाखू आणि दारू दोन्ही, अशा माणसाचा धोका सात पटींच्या वर गेला. भावाभावांत तो बापलेकांपेक्षा जास्त दिसला. यात थोडे रक्ताचे असेलही. पण भाऊ भावाला आणखी काय देतो? पहिली पुडी. आई लेकीला काय देते? मिसरीची डबी. दात दुखतोय, लाव जरा बोटभर. दातदुखी मिसरीने दबते, हिरडी आतून सडत राहते, आणि सडक्या हिरडीचा दाह वेगळाच. घराण्यात चालत आलेली ही गोष्ट रक्तातून येत नाही, कोनाड्यातून येते.

'रक्तातच आहे' हे शब्द ऐकले की आमचे कान टवकारतात, हेही इथे नमूद करतो. आपल्या समाजाला हे वाक्य फार पिढ्या ऐकवले गेले. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिसंस्थेचे निर्मूलन' या न दिलेल्या भाषणात रक्तशुद्धीच्या दाव्याचा समाचार घेतला तो उगाच नाही. म्हणून जनुकांचे हे विज्ञान वाचताना आम्ही डॉक्टरांना मुद्दाम विचारले, अमुक जातीत हे अक्षर, तमुक जातीत ते, असे काही आहे का? ते हसले. म्हणाले, ही दोन्ही अक्षरे प्रत्येक समाजात सापडतात, गावच्या पाटलाच्या वाड्यातही आणि तुमच्या वस्तीतही. वस्तीत रोग जास्त दिसला तर आधी पुडी बघा, पगार बघा, दवाखाना किती लांब ते बघा.

पगाराचा आणि पुडीचा संबंध शहरातल्या लोकांना लवकर कळत नाही. पहाटे तीन-चारला थंडीत फडात उतरायचे, दिवसभर कोयता चालवायचा, रात्री ट्रक आला की मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून चढायचे. भाकरीला वेळ नसतो. तंबाखूचा बार भूक मारतो, झोप उडवतो, आणि दहा-वीस रुपयांत दिवस निघतो. कोप्यात पोर सांभाळणारी बाईही मिसरी लावते ती याच कारणाने. यांना 'व्यसनी' म्हणून हिणवणे सोपे आहे. आम्ही ते करणार नाही. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. तो कुठे मिळतो हे मात्र शाळकरी पोराला विचारले तरी कळते. तिथे हिणवायला कोणी जात नाही.

आबांच्या विधानाचेही उत्तर द्यायला हवे, कारण प्रत्येक वस्तीत असे एक आबा असतात आणि पोरे त्यांच्याकडे बोट दाखवून पुडी फोडतात. आबांची तोटी घट्ट असेल. किंवा नसेलही, इतर कशाने ते वाचले असतील. ते त्यांनाही ठाऊक नाही, डॉक्टरांनाही नाही. कारण अमुक अक्षर आहे म्हणून तू खुशाल खा, असे सांगणारी रक्ततपासणी आजमितीला कुठेच नाही. कोणी पैसे घेऊन तशी तपासणी देऊ केली तर ते पैसे वाचवावेत. आणि आबा मांडवात दिसतात ते जिवंत आहेत म्हणून. त्यांच्याबरोबर साठ वर्षांपूर्वी पुडी धरलेले बाकीचे किती जण आज मांडवात होते? आम्ही आबांना हे नंतर विचारले. त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली, तीन नावांपाशी थांबले आणि विषय पावसाकडे नेला.

आणखी एक शंका एका वाचकाला येईल म्हणून सांगतो. दाहच जर मूळ, तर सुजेच्या गोळ्या खाल्ल्या की झाले! तसे नाही. अंगदुखीच्या गोळ्यांनी तोंडाचा कॅन्सर टळतो हे सिद्ध झालेले नाही, आणि रोज त्या खाल्ल्याने पोटात व्रण पडतात, मूत्रपिंड बिघडते. फडातल्या बायाबापड्या आधीच त्या मुठीने खातात. दाह थांबवायचा तर तो पेटवणारी वस्तू तोंडातून काढणे हाच मार्ग, आणि तो कामाला येतो याला पुरावा आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता आणि सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातील १ लाखाहून अधिक खेडुतांची तोंडे तपासली होती, ती पाहणी १९७२ ला प्रसिद्ध झाली. पुढे केरळ, गुजरात आणि आंध्रातील खेड्यांत ३६ हजार तंबाखू वापरणाऱ्यांना घरोघरी जाऊन ती सोडायला सांगितले, समजावले, चित्रे दाखवली. १९८६ साली जाहीर झालेल्या निष्कर्षात जिथे हे सांगणे झाले तिथे तोंडातल्या पांढऱ्या चट्ट्यांचे प्रमाण कमी झालेले दिसले. माणसे तीच, त्यांची अक्षरेही तीच होती.

हा पांढरा चट्टा म्हणजे कॅन्सरच्या आधीची पायरी. प्रत्येक चट्ट्याचा कॅन्सर होत नाही, पण कोणत्या चट्ट्याचा होईल हे बाहेरून सांगता येत नाही. केरळातच तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून आणखी एक प्रयोग झाला. डॉक्टर नव्हे, शिकवून तयार केलेले आरोग्यसेवक घरोघर गेले आणि दिव्याच्या उजेडात लोकांची तोंडे पाहिली. यंत्र नाही, रक्त नाही. २००५ साली निष्कर्ष आले. तंबाखू वा दारू घेणाऱ्यांत, जिथे अशी तपासणी झाली तिथे तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी निघाले. नुसते तोंड उघडून बघितल्याने!

ही गोष्ट आम्ही त्या गावी दुसऱ्यांदा गेलो तेव्हा ओसरीत बसून सांगत होतो. गेलेल्या माणसाची बहीण, पोराची आत्या, चुलीपाशी ऐकत होती. पदर खोचून बाहेर आली. "मग माझं बी बघा की," म्हणाली. पोराने मोबाईलचा दिवा धरला. खालच्या ओठाच्या आत, हिरडीला लागून, जिथे ती रोज मिसरी घासते, नखाएवढा पांढरा चट्टा. फडक्याने पुसून पाहिला, निघेना. "दुखत न्हाई ना, मग कशाला दवाखाना?" तिचे म्हणणे. वाचक भगिनींनो, हेच तर या रोगाचे कपट आहे. सुरुवातीला तो दुखतच नाही. दुखायला लागतो तेव्हा उशीर झालेला असतो.

दर महिन्याला, पगाराच्या दिवशी म्हणा, आरशासमोर उजेडात उभे राहावे. ओठ उलटून, गाल बोटाने ओढून, जीभ बाहेर काढून दोन्ही कडा, आणि जीभ वर करून खालची जागा पाहावी. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारे तोंड, टणक गाठ, हलणारा दात, बदललेला आवाज, गिळताना अडकणे, मानेत गाठ, यांपैकी काहीही असेल तर वाट पाहू नये. आणि हाताची तीन बोटे एकावर एक उभी धरून तोंडात जातात का ते पाहावे. सुपारी, मावा, गुटखा खाणाऱ्यांचे गाल आतून दोरीसारखे आवळत जातात, तोंड उघडेनासे होते. त्याआधी तिखट झोंबायला लागते.

हे सांगत असताना पोराने मान खाली घातली. तीन बोटे त्याच्या तोंडात गेली, पण कशीबशी. म्हणाला, "काका, दीड वर्ष झालं, ठेचा खाल्ला की तोंड भगभगतंय." तो मळलेली तंबाखू खात नाही. मावा खातो. दिवसाला पाच-सहा.

बीडकरांना जवळचे सांगायचे तर अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. पाटोदा-आष्टीकडच्या काही गावांना बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयही सोयीचे पडते. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतील खेड्यांत कॅन्सरच्या प्रत्येक रुग्णाची नोंद १९८७ पासून ठेवली जाते, ती तिथूनच. मुंबईला परळचे टाटा रुग्णालय १९४१ पासून आहे, पण पहिल्या तपासणीसाठी तिथवर धावण्याची गरज नसते. कॅन्सरची शस्त्रक्रिया, शेक आणि औषधे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतात. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन आधी त्याच्याकडे जावे. तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ या क्रमांकावर फोन करता येतो, पैसे पडत नाहीत. हा क्रमांक पुडीवरच छापलेला असतो, वाचत कोणी नाही.

आत्या आणि पोरगा एकाच एसटीने दवाखान्यात गेले. आत्याच्या चट्ट्याचा तुकडा काढून तपासला. कॅन्सर नाही, पण पेशी बदलू लागल्या आहेत असे सांगितले. मिसरी बंद, आणि दर तीन महिन्यांनी दाखवायला या. पोराचे गाल आवळायला लागले आहेत, मावा आजच सोडला तर इथेच थांबवण्याचा प्रयत्न करता येईल, असे त्याला सांगितले. आत्याची पुढची तारीख पडते ती ऐन हंगामात, आणि मुकादमाची उचल तर घेतलेली. डॉक्टरांनी कागदावर सगळे लिहून दिले आहे, कारखान्याजवळच्या कोणत्याही मोठ्या दवाखान्यात तो दाखवला तरी चालेल म्हणाले. पोराने तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून स्वतःकडे ठेवला आहे.

परवा त्याचा फोन आला होता. मावा सोडून बारा दिवस झाले म्हणाला. आत्याची मिसरीची डबी अजून कोनाड्यातच आहे. ती रिकामी की भरलेली, ते त्याने सांगितले नाही. टोळी दिवाळीनंतर निघणार आहे, त्याआधी एकदा गावी जाऊन यायचे आम्ही ठरवले आहे.